मधाचे ९१ टक्के

भाजलेल्या किंवा चिघळलेल्या जखमेवर मध लावण्याची आपली जुनी रीत आहे. आता विज्ञानानेही तिला मान्यता दिली असे सांगताना बहुधा एका शोधनिबंधाचा दाखला दिला जातो. सोलापूरचे शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम् यांचा हा निबंध १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये प्रसिद्ध झाला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण. ५२ जणांना मध, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदी आणि सल्फायुक्त जंतुनाशक औषध. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत भरून आलेल्या जखमांचे प्रमाण ८७ आणि १० टक्के.

इतके ठळक आकडे दिसले की मी प्रथम कागद-पेन्सिल घेतो. ५२ पैकी ४५ म्हणजे ८७ टक्के, ५ म्हणजे १० टक्के. जुळले. पण ५२ पैकी ४७ म्हणजे ९० टक्के आणि ४८ म्हणजे ९२. मग ९१ आले कुठून? तसेच ३ म्हणजे ६ टक्के आणि ४ म्हणजे ८. सात मिळतच नाहीत. अर्थात येथे छेद ५२ नाही. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांच्या जखमेत जंतू आढळले, बहुधा तेवढ्यांचीच ही टक्केवारी असावी. तसे करणे योग्यच आहे. पण केवळ सारांश वाचून '५२ पैकी ९१ टक्के' असे पुढे सांगणाऱ्यांनी छेद पाहिलेला नसतो. (नववीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे.)

याहून मोठी अडचण तुलनेची आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन जंतू मारते, पण त्याने जखम भरण्यास विलंब होतो, हे आज मान्य झाले आहे. वरवरची भाजलेली जखम स्वच्छ झाकून ठेवली तरी बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरते. मग मध धावला, की शर्यतीतला दुसरा गडी लंगडत होता? नुसत्या पट्टीचा तिसरा गट असता तर उत्तर मिळाले असते. शिवाय मध चिकट आणि वासाचा; कोणाला काय लावले ते लपवणे कठीणच.

मधाच्या जंतुनाशक गुणाबद्दल मात्र शंका नको. त्यात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के, शिवाय तो आम्लधर्मी. जखमेतील स्रावाने तो पातळ झाला की ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पण मध तापवला की हे विकर निकामी होते आणि फुलोऱ्यागणिक मधाची ताकद बदलते. बाजारातल्या बाटलीत क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणूही असू शकतात. म्हणून जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरातला मध जखमेवर ओतू नये.

२०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या तपासल्या गेल्या. फार खोल न भाजलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांत मध उपयोगी दिसला. पण भाजण्याच्या चाचण्यांपैकी बऱ्याच एकाच केंद्रातल्या होत्या, आणि दुसऱ्या कोणी त्या करून तेच उत्तर मिळवल्याखेरीज माझे समाधान होणार नाही. न्यूझीलंडमध्ये पायाच्या जुनाट व्रणांच्या ३६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००८) मधाने जखमा ठळकपणे लवकर भरल्या नाहीत, वेदनेच्या तक्रारी मात्र वाढल्या.

मला आशा वाटते ती मध आणि प्रतिजैविक यांच्या जोडीबद्दल. २०१३ साली सिडनीच्या संशोधकांनी रिफॅम्पिसिनबरोबर औषधी मध वापरला, तेव्हा स्टॅफिलोकॉकसचे रिफॅम्पिसिनला दाद न देणारे वाण उद्भवले नाहीत. पण हे घडले प्रयोगशाळेतील बशीत. जखमेत रक्त असते, पू असतो, उतींची स्वतःची विकरे असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची फोड टाकून पाहा. जो फेस उसळतो तो कॅटॅलेजमुळे, आणि तेच विकर आपल्या रक्तातही आहे.