शेणाचे घर, मेणाचे घर : एका बालकथेची फेरतपासणी

मराठी मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा काऊचिऊची असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो भिजत चिमणीच्या दारात उभा राहतो. चिमणी बाळाची अंघोळ, तीट, झोप अशी एकेक सबब सांगून त्याला ताटकळत ठेवते. शेवट घरोघरी निराळा. कुठे दार उघडतच नाही. कुठे उघडते, कावळा आत येऊन खाऊ फस्त करतो आणि चटका खाऊन बाहेर पडतो. पण एका बाबतीत सर्व घरांचे एकमत आहे. ऐकणाऱ्या मुलाने चिमणीच्या बाजूने उभे राहायचे आणि भिजणाऱ्या कावळ्याला हसायचे.

आपल्या समीक्षेने पुराणे तपासली, संतवाङ्मय तपासले, मध्यमवर्गीय कादंबरी तपासली. पाळण्याजवळ सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. त्या बालिश म्हणून सोडून दिल्या. वस्तुतः मूल अक्षर गिरवायला लागण्यापूर्वीच कोणाचे घर स्वच्छ आणि कोणाचे घाण, हे शिकून मोकळे झालेले असते. ही गोष्ट आज मुलांना नव्या दृष्टीने सांगायची झाली तर ती कशी सांगावी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम घरांचा विचार करू. शेण आणि मेण हे यमक आहे हे खरे. पण यमकातही कोणाच्या वाट्याला काय आले हे पाहावे लागते. ज्या समाजात शेणाने सारवले की जमीन शुद्ध होते, पंचगव्यात शेणाला मान आहे, त्याच समाजाच्या गोष्टीत कावळ्याचे शेण घाण आणि दुबळे ठरते. पदार्थ एकच. तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचे पावित्र्य ठरते.

दुसरा मुद्दा ऋतूचा. या कथेत फक्त पावसाळा आहे. मेण पावसात टिकते. वैशाखातल्या उन्हात त्याचे काय होईल? कथेने ऊन येऊच दिलेले नाही. संकट असे निवडले आहे की ज्यात एकाचेच घर जावे. मग घर गेले ते घरवाल्याच्या नालायकीमुळे, हा निष्कर्ष मुलाने आपोआप काढायचा.

तिसरा मुद्दा चिमणीच्या भाषेचा. ती कावळ्याला एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. ती ‘थांब’ म्हणते. ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. समाजाची अजून तयारी नाही, वेळ आलेली नाही, आधी तुम्ही सुधारा. उघड नकाराशी भांडता येते. ‘थांब’शी भांडणारा उतावळा आणि उद्धट ठरतो.

आणि ज्याला थांबवून ठेवले तो कावळा आहे तरी कोण? एरवी त्याला अंगणातून हुसकावतात. पण दहाव्याच्या दिवशी तो पिंडाला शिवत नाही तोवर सगळे घर हात जोडून त्याची वाट पाहते. मर्तिकाचा सांगावा पोचवायला आणि मेलेले ढोर ओढायला गावाला महार लागत होता. इतर वेळी त्याची सावलीही नको होती. हे नातेही त्यातलेच. आणखी एक पाहा. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. कावळा-कावळी ती उबवतात, पिले भरवतात. दुसऱ्याच्या घरात शिरून खाऊ खाल्ल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो पक्षी प्रत्यक्षात परक्याची पोरे पोसतो. कवितेत मात्र कौतुक कोकिळेच्या गळ्याचे!

मी दुसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट बसवली होती. कावळ्याचे काम मला मिळाले. बाईंच्या मनात वाईट होते असे मी म्हणणार नाही. कावळा कोणाला करायचा याचा त्यांना विचारच करावा लागला नाही, एवढेच. काळ्या कागदाची चोच लावून मी दारात कुडकुडलो आणि लोक हसले. माझी आईही हसली. त्याच वर्षीच्या आषाढात आमच्या घराचे पत्रे उडाले होते आणि ती आम्हा भावंडांना घेऊन रात्रभर समाजमंदिरात बसली होती. तरी ती हसली, कारण या गोष्टीत कुठे हसायचे हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होते. हा मी तिचा दोष म्हणून सांगत नाही. ज्याचे घर वाहून गेले त्यालाच त्या घरावर हसायला शिकवावे, हे या संस्कृतीचे खरे सामर्थ्य आहे.

तेव्हा गोष्ट नव्याने सांगितली पाहिजे, याविषयी दुमत नसावे. ती आयात कल्पनाही नव्हे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनाची कथा बळीच्या बाजूने मांडली. पण दृष्टी नवी असली म्हणजे ती न्याय्य असतेच असे नाही. इंग्रजीतील तीन डुकरांच्या गोष्टीचे उदाहरण घ्या. तीही घरांचीच गोष्ट आहे. जोसेफ जेकब्ज यांनी १८९० साली छापलेल्या पाठात आई पोसता येत नाही म्हणून पिलांना बाहेर पाठवते. वाटेत एकाला गवतवाला भेटतो, दुसऱ्याला झुडपांची मोळीवाला, तिसऱ्याला विटावाला. ज्याला जे मिळाले त्याचे त्याने घर बांधले. आळसाचा तिथे प्रश्नच नाही. १९३३ साली, अमेरिकेत मंदीने लाखो माणसे बेकार झाली असताना, डिस्नेचा छोटा रंगीत चित्रपट आला. त्यात पहिले दोघे बासरी आणि फिडल वाजवत हिंडतात आणि विटांचे घर कष्टाळू डुकराचे असते. जी केवळ परिस्थिती होती ती चारित्र्य बनली. हेही नवे कथनच होते!

पुढे १९८९ साली जॉन शेस्का यांनी तीच गोष्ट लांडग्याच्या तोंडून सांगितली. तो साखर मागायला गेला, त्याला शिंक आली, घर पडले आणि वर्तमानपत्रांनी त्याला खलनायक केले. छापलेले सगळे खरे नसते हे मुलांना हसत हसत शिकवणारे हे पुस्तक आहे, आणि ते श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु गवताचे घर गवताचेच का, हा प्रश्न तेथेही उपस्थित होत नाही. उलट तो लांडगाच गवताच्या घराला हसतो.

मीही वेगळे केले नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मी काऊचिऊची गोष्ट उलटी करून सांगितली. ऊन पडले, मेणाचे घर वितळले, चिमणी पिलांना घेऊन कावळ्याच्या दारात आली आणि कावळा ‘थांब’ म्हणाला. मुलगी खदखदून हसली. ते हसू माझ्या ओळखीचे होते. स्नेहसंमेलनात लोक हसले होते ते तसेच. मी दारामागचा पक्षी बदलला होता. दार तेच ठेवले होते.

मग दार उघडेपर्यंत कावळ्याने विनवत राहायचे काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षे गेली, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना सोबत घेऊन धम्माचा स्वीकार केला. ‘थांब’ला दिलेले ते उत्तर होते. त्यात विनवणी नव्हती आणि सूडही नव्हता.

नव्या गोष्टीची दिशा मला येथे दिसते. मूळ कथेतले सर्वांत मोठे असत्य हे की कावळा एकटा आहे. प्रत्यक्षात कावळा संध्याकाळी थव्याने एका झाडावर उतरणारा पक्षी. एकावर संकट आले की सगळे ओरडत गोळा होतात. नव्या गोष्टीतला कावळा त्या दारातून मागे फिरेल आणि आपल्यांना हाक देईल. काड्या, तारा, चिंध्या जमवून सगळे मिळून घर बांधतील. उन्हाळ्यात मेण वितळले तर चिमणीच्या पिलांना तेथे जागा असेल. कोकिळेची पोरे वाढवणाऱ्याला ते जड नाही. मात्र आलेल्याला ताटकळत ठेवणारे दार त्या घराला नसेल.

हे लिहायचे कोणी? ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) अशा आत्मकथनांतून आपण आपले बालपण मोठ्यांना सांगितले. आपल्या मुलांना सांगायचे काम त्यामानाने मागे राहिले आहे. दलित चळवळीच्या नियतकालिकांनी दर अंकात चार पाने मुलांसाठी राखून ठेवावीत, अशी माझी सूचना आहे. त्यावर निदान आपल्या माणसांकडून तरी ‘थांबा, अजून वेळ आलेली नाही’ असे उत्तर येऊ नये.