भयाचे अपादान : ‘फिअर’, ‘कोर्कू’ आणि एका कथाशीर्षकाचे वाचन

ओउझ आताय (१९३४-१९७७) या तुर्की लेखकाचा ‘कोर्कुयू बेक्लेर्केन’ हा आठ कथांचा संग्रह १९७५ साली प्रसिद्ध झाला. राल्फ हबेल यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये ‘वेटिंग फॉर द फिअर’ या नावाने आला. मराठी वाचकाची आणि या लेखकाची गाठ पडलीच, तर ती बहुधा या दुसऱ्या नावाच्या मार्फतच पडेल. या इंग्रजी नावातील ‘द’ हे उपपद कानाला काहीसे खटकते. भाववाचक ‘फिअर’ इंग्रजीत सामान्यतः उपपदावाचून येतो. उपपद लावले की ‘कोणते भय?’ हा प्रश्न उभा राहतो आणि शीर्षक त्याचे उत्तर देत नाही. हा खटका अनुवादकाचा प्रमाद आहे की मूळ शब्दरूपाने त्याच्यावर घातलेली अट आहे? प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु भयवाचक शब्दाचे व्याकरण हे त्या भाषेने केलेले भयाचे एक विवरणच असते, आणि ते ओलांडून केलेले समीक्षण कृतीपर्यंत पोहोचत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम इंग्रजी शब्द. ‘फिअर’चा प्राचीन इंग्रजीतील पूर्वज मनातील भावनेचा वाचक नव्हता. अकस्मात कोसळणारे संकट, आपत्ती, असा त्याचा अर्थ होता. जर्मन भाषेतील त्याचा सगोत्र ‘गेफार’ आजही धोका याच अर्थाने वापरला जातो. म्हणजे जे बाहेर होते, रस्त्यावर किंवा रानात होते, ते इंग्रजीत हळूहळू माणसाच्या आत आले, आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात शब्दाने संकटाचा अर्थ सोडून संकटाच्या जाणिवेचा अर्थ धारण केला. क्रियापदाचाही असाच पालट झाला. पूर्वी ‘फिअर’ करणे म्हणजे दुसऱ्याला भिवविणे. आज त्याचा अर्थ स्वतः भिणे असा आहे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत जुना अर्थ जिवंत होता. ‘मेझर फॉर मेझर’च्या दुसऱ्या अंकात अँजेलो कायद्याचे बुजगावणे होऊ देऊ नये असे बजावतो, तेव्हा पक्ष्यांना भिवविण्याच्या क्रियेसाठी त्याच्या तोंडी हेच क्रियापद येते. बुजगावण्याचा हा दाखला ध्यानात ठेवावा. तो पुढे तुर्कीत पुन्हा भेटणार आहे.

आजच्या इंग्रजीत भयाचे कारण हे ‘फिअर’ या सकर्मक क्रियापदाचे थेट कर्म असते. भिणारा कर्ता, भयकारण कर्म. क्रिया भिणाऱ्याकडून निघते आणि भयकारणावर जाऊन पडते. भय ही व्यक्तीच्या मालकीची, तिच्या अंतरंगातून उगम पावणारी वस्तू आहे, ही आधुनिक युरोपीय धारणा या वाक्यरचनेत सहज सामावते. मग शब्द इतका आत जातो की त्याच्यातले भयच ओसरते. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ हे आज नकार देण्यापूर्वीचे निव्वळ सौजन्य आहे. तुर्कीतही ‘कोर्कारिम’ असे म्हणून अप्रिय गोष्ट सांगण्याची रीत आहे, तेव्हा अर्थाची ही झीज एकट्या इंग्रजीची म्हणता येणार नाही.

२

तुर्की ‘कोर्कू’ची जडणघडण निराळी आहे. मुळात आहे तो ‘कोर्क-’ हा धातू. संज्ञा त्यापासून साधली आहे. धातू अस्सल तुर्की आणि फार जुना. मंगोलियातील आठव्या शतकाच्या तोन्युकुक शिलालेखात, शत्रू संख्येने अधिक आहेत एवढ्यासाठी आपण का भ्यावे, अशा आशयाच्या वाक्यात तो आढळतो. या धातूचा विशेष असा की भयकारण त्याचे कर्म होत नाही. ते ‘-दान’ किंवा ‘-देन’ हा प्रत्यय घेऊन येते. हाच प्रत्यय ‘घरातून निघालो’, ‘इस्तंबूलहून आलो’ अशा वाक्यांतही लागतो. ‘यिलान’ म्हणजे साप. ‘यिलान्दान कोर्कमाक’ म्हणजे शब्दशः ‘सापापासून भिणे’. भय ज्या स्थानाकडून येते ते स्थान तुर्की वाक्य दाखवून देते.

संस्कृत व्याकरणाचा परिचय असलेल्याला येथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात पाणिनीने भीत्यर्थक धातूंच्या बाबतीत भयहेतूला अपादान ही संज्ञा दिली आहे. म्हणूनच तेथे पंचमी. त्याच सूत्रात त्याने रक्षणार्थक धातूंचाही समावेश केला, हे अधिक लक्षणीय आहे. ज्याच्यापासून भ्यायचे त्याच्यापासूनच राखायचे. दोन्ही क्रियांना दिशा एकच. तुर्कीत हा संबंध एका शब्दातच मूर्त झालेला दिसतो. ‘कोर्कू’ला ‘-लुक’ हा प्रत्यय लागून झालेल्या ‘कोर्कुलुक’ या शब्दाचे दोन रूढ अर्थ आहेत : शेतातले बुजगावणे, आणि जिन्याचा, गच्चीचा किंवा पुलाचा कठडा. एक पाखरांना भिववून पीक राखतो, दुसरा माणसाला पडू देत नाही. संस्कृत आणि तुर्की यांचा वंशसंबंध नाही, त्यामुळे येथे उसनवारीचा प्रश्न उद्भवत नाही. दोन परस्परस्वतंत्र भाषांनी भयाकडे अंतर आणि दिशा यांच्या परिभाषेत पाहिले, एवढेच म्हणावयाचे आहे.

या दिशाभानामुळे ‘कोर्कू’ला एक सार्वजनिक परिमाण लाभते. मेहमेत आकिफ एर्सोय यांचे जे काव्य १२ मार्च १९२१ रोजी अंकारा येथील राष्ट्रसभेने राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले, त्याचा पहिलाच शब्द या धातूचे निषेधार्थक आज्ञार्थी रूप आहे : ‘कोर्कमा’, भिऊ नकोस. युद्ध चालू असताना स्वीकारलेले हे गीत भयाचा उच्चार करून सुरू होते. उलटपक्षी लोकव्यवहारातील म्हण सांगते, ‘कोर्कुनुन एजेले फायदासी योक’ : भ्याल्याने मरणाची घटका टळत नाही. यातला ‘फायदा’ आपल्याही परिचयाचा आहे, आणि तो आपल्याला पुढच्या मुद्द्याकडे नेतो.

३

१९२८ मधील लिपिबदल आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषासंस्थेची शुद्धीकरणाची मोहीम यांच्यामुळे उस्मानी तुर्कीतील असंख्य अरबी-फारसी शब्द मागे पडले. भयवाचकांपैकी ‘हाव्फ’ (उर्दूतील ‘खौफ’) ग्रांथिक होऊन विरळ झाला. ‘देहशेत’ मात्र टिकला. हा ‘देहशेत’ म्हणजेच मराठीतील ‘दहशत’. मूळ अरबी शब्दात दिङ्मूढ होण्याचा, भांबावण्याचा अर्थ आहे. तुर्कीत तो थरकाप उडविणाऱ्या दृश्याचा वाचक झाला आणि बोलण्यात ‘अफाट’, ‘जबरदस्त’ अशा अर्थाने विशेषणासारखाही वापरला जाऊ लागला. मराठीने त्याला तिसरीच वाट दिली.

मराठीत दहशत ‘असते’ ती भिणाऱ्याची नसते. ‘गुंडांची दहशत’ म्हणताना षष्ठी गुंडांना लागते. वडिलांचा धाक, साहेबांचा वचक, वाघाचा दरारा या सर्व प्रयोगांत भयाची मालकी भिवविणाऱ्याकडे आहे. भिणाऱ्याला ‘भीती वाटते’, म्हणजे तो चतुर्थीत उभा राहून भयाचा स्वीकार तेवढा करतो. ‘मुलाची भीती’ हा प्रयोग संदिग्ध आहे. ‘मुलाचा धाक’ मुळीच संदिग्ध नाही. धाक, वचक, दरारा, दहशत ही शब्दमालिका भयाला सत्तेची मालमत्ता मानते. या मालिकेतील एकाही शब्दाला ‘फिअर’ हा पर्याय पुरत नाही आणि ‘कोर्कू’ही पुरत नाही. तरीही आपली समीक्षा ‘भय’ हा एकच शब्द पारिभाषिक म्हणून उचलते आणि त्याच्यामागे इंग्रजी ‘फिअर’चा आशय गृहीत धरते.

४

आता शीर्षकाकडे परत येऊ. ‘बेक्लेर्केन’ म्हणजे ‘वाट पाहताना’. ‘कोर्कुयू’ हे ‘कोर्कू’चे द्वितीयेचे रूप. तुर्कीत कर्म अनिश्चित असेल तर ते प्रत्ययावाचून येते. निश्चित असेल तरच त्याला द्वितीयेचा प्रत्यय लागतो. मराठीत ‘मुलगी पाहतो आहे’ आणि ‘मुलीला पाहतो आहे’ यांत जो फरक आहे तोच येथे आहे, फक्त मराठी तो बहुधा सजीवांपुरता पाळते आणि तुर्की सर्व नामांना लावते. तेव्हा ‘द’ ही अनुवादकाची लहर नाही. ‘-यू’ या प्रत्ययाला दिलेला तो प्रतिसाद आहे. भय येणार हे ठरलेले आहे, कोणते तेही जणू ठरलेले आहे. यायचे तेवढे राहिले आहे.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या शीर्षकात पंचमी नाही. ज्या धातूला ‘कोठून?’ या प्रश्नाचे उत्तर लागते, त्याच धातूची संज्ञा येथे स्वतः कर्माच्या जागी बसली आहे. भयहेतू गळला आणि भयच वस्तू झाले. शीर्षककथेत घडते ते हेच. शहराच्या कडेला एकट्याने राहणाऱ्या निवेदकाच्या घरी एक पत्र येते. ते अज्ञात भाषेत आहे. जाणकाराकडून अर्थ लावून घेतल्यावर कळते की उबोर-मेतेंगा नावाच्या एका गुप्त पंथाने त्याला घराबाहेर न पडण्याची आज्ञा केली आहे. निवेदक स्वतःला घरात कोंडून घेतो. पंचमीची रिकामी जागा भरली जाते, पण ज्याचा काहीच अर्थबोध होत नाही अशा नावाने. लिपी बदलल्यावर आजोबांची पत्रे नातवांना वाचता येईनाशी झाली, १९२७ मध्ये मुस्तफा कमाल यांनी केलेले प्रदीर्घ भाषणही पुढच्या पिढ्यांसाठी सोप्या तुर्कीत पुन्हा आणावे लागले. अशा समाजातील वाचकाला न वाचता येणारे पत्र ही केवळ कल्पनेची करामत वाटणार नाही.

येथे एक सोपा मोह टाळला पाहिजे. कारणहीन भय दिसले की त्याला अस्तित्ववादी व्यग्रता म्हणून मोकळे व्हायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी सवय आहे. भीतीला निश्चित विषय असतो, व्यग्रतेला नसतो, हा भेद किर्केगार्दने १८४४ मध्ये मांडला. त्याच्या त्या ग्रंथाच्या नावातील कळीचा शब्द इंग्रजीत १९४४ साली ‘ड्रेड’ झाला आणि १९८० साली ‘अँग्झायटी’. तुर्कीत तो ‘कायगी’ या शब्दाने आणला गेला. आतायला ‘कायगी’ हा शब्द उपलब्ध होता. त्याने तो घेतला नाही. विषय मागणारा, ‘कोठून?’ असे विचारायला लावणारा रोजच्या वापरातला शब्द त्याने निवडला. कथेतील माणसाला शून्याची व्यग्रता जडलेली नाही. तो भयाचे अपादान शोधतो आहे, आणि ते पुरवायला कोणीतरी पत्र लिहिणारा नेहमी तयार असतो. कथेचा राजकीय अर्थ या निवडीत आहे. ‘व्यग्रता’ म्हटले की तो नाहीसा होतो.

भयहेतूपासून सुटलेल्या भयाचा विचार आपल्या परंपरेतही झाला आहे. ‘शाकुंतला’च्या आरंभी बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन अभिनवगुप्त सांगतो की भिवविणारा तेथे परमार्थाने नसल्यामुळे देश आणि काल यांचा स्पर्श नसलेले केवळ भय प्रेक्षकाच्या प्रतीतीला येते, आणि तेच भयानक रसाचे रूप घेते. आतायच्या निवेदकापुढचा भिवविणाराही असाच संदिग्ध आहे; तरी त्याचे भय साधारणीकृत होत नाही, उलट ते त्याला चार भिंतींत डांबते. प्रेक्षकाला कोणी पत्र पाठविलेले नसते. निवेदकाला पाठविलेले आहे. रसव्यवस्थेत भयहेतू दूर होतो आणि भय मुक्त होते. येथे भयहेतू दूर होतो आणि त्याची आज्ञा तेवढी मागे उरते. रससिद्धान्त आधुनिक कथेला लावावा की नाही, या वादात न शिरताही असे म्हणता येईल की हा फरक दाखविण्याचे काम त्याच्या परिभाषेने अधिक नेमकेपणाने केले.

५

या शीर्षकाचा मराठी अनुवाद काय होईल? ‘भीतीची वाट पाहताना’ हे पहिलेच सुचणारे रूप आहे आणि मला ते योग्य वाटते. ‘-ताना’ हे रूप ‘-केन’प्रमाणेच कोण वाट पाहतो आहे ते सांगत नाही. मात्र मराठी वाक्प्रचाराने भीतीला एक ‘वाट’ दिली. ती कोठून तरी येणार, तिच्या येण्याच्या रस्त्याकडे डोळे लागले आहेत. आतायने शीर्षकातून काढून टाकलेली पंचमी मराठीने नकळत परत आणली. हे मूळ शीर्षकापासून ढळणे आहे हे मान्य करावे लागेल. परंतु कथेतील माणूस जे करतो, रिकाम्या रस्त्याकडे पाहत त्यावर कोणाला तरी आणून उभे करतो, त्याच्या ते जवळ जाणारे आहे. इंग्रजीचे ‘द’ आणि मराठीची ‘वाट’ ही एकाच प्रत्ययाची दोन वेगळी वाचने आहेत. दोन्ही समोर ठेवली तरच ‘-यू’ हा प्रत्यय काय करतो ते आपल्या ध्यानात येते.