मठाच्या भिंती आणि भयाची गोडी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये गॉथिक कादंबऱ्यांनी वाचकांना वेड लावले. हॉरेस वॉल्पोल यांनी ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ साली प्रसिद्ध केली, ती एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद असल्याचे भासवून! पुढे मॅथ्यू लुईस यांच्या ‘द मंक’मध्ये (१७९६) मठवासीच खुनी झाला. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या कल्पनेत मठ म्हणजे तळघर आणि साखळदंड. मग आपण कॅथलिकांनी हे वाङ्मय हाती घ्यावे का?

ॲन रॅडक्लिफ यांची ‘द इटालियन’ (१७९७) वाचून आम्हांला वाटते, अवश्य घ्यावे. इटली त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि पूर्वग्रहांतूनही त्या सुटलेल्या नाहीत. शेदोनी हा त्यांचा कारस्थानी मठवासी त्याची साक्ष देतो. पण कथेचे मर्म निराळे आहे. एलेना ही निराधार मुलगी. उमराव घराण्यातील प्रियकराच्या आईला ती सून म्हणून नको असते, म्हणून तिला पळवून एका डोंगरी मठात कोंडले जाते. संन्यासव्रत घे, नाहीतर आम्ही निवडलेला नवरा पत्कर, असा तिला पेच घातला जातो. एलेना सर्वांदेखत नकार देते. अखेरीस तिला आसरा मिळतो तो मात्र दुसऱ्या एका मठात, एका प्रेमळ मठाधिकारिणीच्या छायेत! एकच संस्था तुरुंग होते आणि माहेरही. फरक असतो तो सक्तीचा.

हे लेखिकेचे म्हणणे आपल्या श्रद्धेला परके नाही. कोणाही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध मठात घालणाऱ्यास ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ सालीच बहिष्काराची शिक्षा फर्मावली होती. नियम करावा लागला, यावरून तो मोडणारी घरे होती हे उघड आहे.

या कादंबऱ्यांची मोहिनी आम्हांला येथेच दिसते. रॅडक्लिफबाईंच्या भग्न किल्ल्यात इशारे देणारी गूढ आकृती शेवटी हाडामांसाचा माणूस ठरते. भुताचा उलगडा होतो. उरते ते खरे भय : आपल्या आयुष्याचा निर्णय आपल्याला न विचारता घेतला जाण्याचे. ते भय जुन्या किल्ल्यांपुरते नाही. मुलीचे लग्न वा व्रत ठरविताना तिचा होकार आपण खरोखर ऐकतो काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही आपल्या घरात रेंगाळतो.