मांडव उतरल्यानंतरचे वर्ष

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून सव्वानऊ लाखांच्या वर होती. त्यानंतर बदलापूर ज्या झपाट्याने वाढले ते पाहता हा आकडा केव्हाच मागे पडला असणार. एवढ्या वस्तीला येत्या महिन्यात चित्रप्रदर्शन कुठे आहे, चांगला जुना चित्रपट कोणी दाखवणार आहे का, नाटकाचा प्रयोग लागला आहे का, हे कळायचे तर चौकातल्या फ्लेक्सवर विसंबावे लागते. आणि फ्लेक्सवर वाढदिवस असतात, दहीहंडी असते, दिवाळी पहाट असते, महोत्सव असतो. यावरून ‘इथे काही होतच नाही’ असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. होते, भरपूर होते. पण इथली कला सणासारखी येते आणि मांडव उतरला की जाते. महोत्सवांची संख्या वाढली म्हणून कलेची स्थिती सुधारली असे मानायची आपल्याला सवय लागली आहे, ती तपासून पाहायला हवी.

सुरुवात अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करावी लागते, कारण या पट्ट्यातली सर्वांत मोठी कलाकृती तीच. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०, राजा शिलाहार मुम्मुणी. भूमिज शैलीतले हे मंदिर बाहेरून पाहताना सरळ भिंत अशी सापडतच नाही. कोपऱ्यातून कोपरा फुटत जातो, प्रत्येक कोपऱ्याला वेगळा उजेड आणि वेगळी सावली मिळते, आणि त्या सावल्यांच्या आधाराने मूर्ती उभ्या राहतात. चेहरे झिजले आहेत, पण कमरेचा बाक आणि पायाची ठेवण अजून बोलते. १८६८च्या अखेरीस मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे. जे.चे, प्रमुख टेरी आपली माणसे घेऊन इथे आले होते. त्यांनी मंदिराची रेखाचित्रे काढली, छायाचित्रे घेतली, कोरीवकामाचे साचे उतरवले. शाळा तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. मुंबईची कलाशाळा शिकायला अंबरनाथला आली, हा इतिहास इथल्या किती चित्रकला शिक्षकांना ठाऊक असेल? आज गाडी उलट्या दिशेने चालते. इथला मुलगा ६० किलोमीटर लोकलने जाऊन जे.जे.त शिकतो, आणि शिकून झाल्यावर चित्र टांगायला गावात भिंत शोधतो.

याच मंदिराच्या परिसरात, खासदार श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने, शिवमंदिर आर्ट फेस्टिवल भरतो. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. कलादालनाची पायरी आयुष्यात न चढलेली माणसे तिथे चित्रकाराच्या पाठीशी उभी राहून तासभर चित्र होताना बघतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. अंबर भरारी या संस्थेच्या मराठी चित्रपट महोत्सवामुळेही अंबरनाथचे नाव सिनेमावाल्यांच्या तोंडी आले. महोत्सव बंद करा असे कोणी म्हणू नये. पण महोत्सव काय देऊ शकत नाही हेही पाहावे. मांडवातले कोणतेही प्रदर्शन जवळून बघा: कापडी आडोशाला बांधलेली चित्रे, वरून हॅलोजनचा झोत, काचेवर त्याचा लखलखाट, शेजारी ध्वनिक्षेपकाची चाचणी. जलरंगाचा पातळ थर त्या उजेडात दिसूच शकत नाही. दिसते ती गर्दी आणि तिच्यामागची चौकट. शिवाय गर्दी खेचणारे नाव बाहेरचे असावे लागते, हा महोत्सवाच्या अर्थकारणाचाच नियम. त्यामुळे मोठा खर्च संध्याकाळच्या गायकावर होतो आणि स्थानिक चित्रकार पाहुण्यांच्या पंगतीत वाढप्यासारखा राबतो.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: मुंबई आहे की जवळ. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. जहांगीर कलादालन १९५२पासून उघडे आहे, प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चित्रपट दाखवते आहे, आणि नाटकच पाहायचे तर कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे. खरे आहे. पण रोज चार तास गाडीत लटकून आलेला माणूस शनिवारी पुन्हा त्याच गाडीत चढेल, ही अपेक्षा त्यालाच करता येते ज्याने कर्जत लोकल फक्त वेळापत्रकात पाहिली आहे. सव्वाआठच्या प्रयोगातून शेवटच्या गाडीच्या हिशेबाने पडदा पडण्याआधीच उठणारा प्रेक्षक हा रसिकतेत कमी नसतो. आणि पाहणाऱ्याचे एक वेळ जमेल, करणाऱ्याचे काय? जहांगीरची प्रतीक्षायादी वर्षांत मोजतात. तालमीला खोली, चित्राला भिंत आणि सिनेमाला अंधार या गोष्टी राहत्या गावातच लागतात.

उल्हासनगरकडे पाहिले तर वेगळीच गंमत दिसते. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित लष्कराच्या रिकाम्या छावणीत आले, आणि १९४९ साली त्या छावणीचे शहर झाले. घर सोडून आलेल्या या लोकांनी भाषा सोडली नाही. भगत ही गाणे, गोष्ट आणि नाच यांची लोककला त्यांच्याबरोबर आली. १९५८ साली ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट आला आणि विस्थापितांची भाषा पडद्यावर ऐकू आली. झुलेलालाचा चाळीस दिवसांचा चालिहो आजही इथे भक्तिभावाने होतो. तरी शेजारच्या अंबरनाथच्या मराठी माणसाला उल्हासनगर म्हणजे स्वस्त कपडे आणि फर्निचरचा बाजार, याच्या पलीकडे क्वचितच काही सुचते. एका स्टेशनाच्या अंतरावर वेगळी रंगभूमी, वेगळे संगीत नांदते आणि एकमेकांना त्याचा पत्ता नाही. महोत्सव आपापल्या मतदारांसाठी असतो; दुसऱ्याच्या दारात जायला बारमाही कार्यक्रम लागतो.

दुसरे टोक म्हणजे बदलापूरपलीकडचे चामटोली. हे नाव बाहेरच्या जगाने ऐकले ते २७ जुलै २०१९ रोजी, उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले तेव्हा. त्याआधी आणि त्यानंतर या पट्ट्यातल्या गावांना सांस्कृतिक नकाशावर जागा नाही. वास्तविक ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत धवलारीण धवळे गाते. लग्नाचे विधी तिच्या गाण्याने चालतात. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाणारी महदंबा तेराव्या शतकात ज्या प्रकारात रचना करून गेली, त्याच जातीचे हे गाणे. आता हळदीच्या रात्री डीजेच्या भिंती लागतात आणि धवलारिणीचा आवाज मांडवाच्या चार खांबांपलीकडे जात नाही. तिला महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटे उभे करून नऊवारीचा सत्कार करणे हे जतन नव्हे. तिचे गाणे लांब असते, विधीला बांधलेले असते. ते पूर्ण ऐकायला छोटी खोली, निवांत दुपार आणि ध्वनिमुद्रण करणारा माणूस लागतो.

‘आधी पाणी, रस्ते द्या, मग कलादालन’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण महोत्सवाच्या रोषणाईला पैसा निघतो तेव्हा हा आक्षेप कोणी काढत नाही. भिंतीची मागणी आली की मात्र तो आठवतो. मोठे नाट्यगृह बांधणे हेही पूर्ण उत्तर नाही. वास्तू उभी राहते, मग भाडे परवडत नाही म्हणून हौशी मंडळी बाहेर राहतात आणि आत शाळांची स्नेहसंमेलने व पक्षांचे मेळावे होतात. हे महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिकांच्या नाट्यगृहांचे चित्र आहे. याउलट बदलापुरातले ग्रंथसखा पाहावे. श्याम जोशी यांनी उभ्या केलेल्या या वाचनालयात दुर्मीळ मराठी पुस्तके आणि जुनी नियतकालिके धुंडाळायला अभ्यासक लांबून येतात. ही कामगिरी कोणत्याही रोषणाईची नाही. दार रोज उघडते, एवढ्यावर ती उभी आहे.

म्हणून मागणी छोटी आणि ठोस असावी. तिन्ही शहरांत पालिकेच्या शाळा संध्याकाळी बंद असतात. प्रत्येक शहरात एकेका शाळेचे एक दालन कायमच्या भिंतीसाठी आणि आठवड्यातून एका चित्रपटासाठी द्यावे, भाडे नाममात्र असावे, आणि तिन्ही पालिकांनी मिळून मराठी-सिंधी असे एकच मासिक पत्रक काढून स्टेशनवर लावावे. पुढच्या महोत्सवाच्या खर्चातला दहावा हिस्सा यासाठी आधी बाजूला काढा, असे आपल्या नगरसेवकाला लेखी कळवा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.