‘बल’, ‘जोर’ आणि ‘वेग’ : शालेय गतिविचाराच्या भाषेचे परीक्षण

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा आरंभ ‘गतीचे नियम’ या पाठाने होतो. विस्थापन, चाल, वेग, त्वरण, जडत्व, संवेग, बल ही परिभाषा त्यात येते. व्याख्यांच्या शास्त्रीयतेविषयी वाद नाही. वाद आहे तो भाषेचा. यांतील काही शब्द विद्यार्थ्याला सर्वस्वी नवे आहेत. काही मात्र त्याच्या बोलण्यात पूर्वीपासून नांदत आहेत. शास्त्राने अशा शब्दांना नवा अर्थ दिला म्हणून जुना अर्थ निघून जात नाही. खरी अडचण अपरिचित शब्दांची नसून या परिचित शब्दांची आहे.

‘बल’ हाच शब्द घ्यावा. ‘अंगात बळ आहे’, ‘चेंडूचा जोर संपला’ या प्रयोगांत बळ किंवा जोर ही वस्तूजवळ असणारी, साठणारी आणि खर्च होणारी चीज आहे. शास्त्रातील बल असे कोणाच्या मालकीचे नसते. ते दोन वस्तूंमधील परस्परक्रियेचे नाव आहे. हातातून सुटलेल्या चेंडूवर हाताचे बल उरत नाही. तो थांबतो तो जोर संपल्यामुळे नव्हे, तर जमिनीच्या घर्षणामुळे आणि हवेच्या विरोधामुळे. व्याकरणाच्या दृष्टीने सांगायचे, तर व्यवहारातील ‘बळ’ एकाच धन्याची अपेक्षा करते, तर शास्त्रातील ‘बल’ दोन पदांची : कोणी लावले आणि कोणावर लावले. ‘चेंडूचे बल संपले’ हे वाक्य मराठी म्हणून निर्दोष आहे आणि भौतिकी म्हणून निरर्थक आहे. व्याख्या मुखोद्गत करूनही विद्यार्थी असे वाक्य सहज लिहू शकतो.

हा दोष केवळ मराठीचा आहे असे मात्र समजू नये. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात बाहेरून लावलेल्या बलाला आणि वस्तूच्या अंगभूत जडत्वालाही ‘व्हिस’ हा एकच शब्द योजला. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात, विशेषतः प्रशस्तपादांच्या विवेचनात, ‘वेग’ हा संस्काराचा एक प्रकार मानला आहे. सुटलेला बाण पुढे जातो तो त्याच्या ठायी निर्माण झालेल्या या संस्कारामुळे. आज ‘वेग’ दिशायुक्त चालीचा वाचक झाला आहे, पण ‘जोर संपला’ या बोलीत ती जुनी कल्पना जिवंत आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मनातही हीच समजूत असल्याचे मायकेल मॅक्लॉस्की यांनी १९८३ मध्ये दाखविले. विद्यार्थी मंद आहे म्हणून ही चूक होत नाही. अनुभव आणि भाषा या दोहोंनी मिळून ती घडविलेली असते.

हीच गोष्ट अन्य शब्दांची. ‘प्रतिक्रिया’ म्हणजे व्यवहारात आधी घडलेल्या गोष्टीला मागाहून दिलेले उत्तर. तिसऱ्या नियमातील क्रिया व प्रतिक्रिया मात्र एकाच क्षणी आणि दोन भिन्न वस्तूंवर असतात. ‘जडत्व’ ऐकताच ‘जड’ म्हणजे वजनदार हा अर्थ पुढे येतो. वजन आणि गतिबदलाला होणारा विरोध यांतील भेद झाकला जातो.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नाला अधिक धार येते. येथील कित्येक मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया ही द्राविड कुळातील भाषा बोलली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. भोवतालच्या व्यवहारात झाडीबोली, वर्गात प्रमाण मराठी आणि पाठात संस्कृतोद्भव परिभाषा. शहरातील मराठीभाषक मुलाला एक पायरी चढावी लागते, तर या मुलाला तीन. त्याने उत्तर चुकविले, तर ते भौतिकी न कळल्यामुळे की प्रमाण मराठी न कळल्यामुळे, हे उत्तरपत्रिकेवरून ठरत नाही. या अनिश्चिततेची किंमत मात्र त्या मुलालाच द्यावी लागते.

यावर परिभाषा बदलून बोलीतील शब्द घालावेत, असा उपाय सुचविला जाऊ शकतो. तो ग्राह्य वाटत नाही. ‘जोर’ हा शब्द घेतला, तर त्याच्यासोबत जोराची जुनी कल्पनाही येईल. शिवाय राज्यभर एकच परीक्षा असता परिभाषा एकच असणे हिताचे आहे. पारिभाषिक शब्दाचे अपरिचितपण हा सर्वथा दोष नव्हे; ‘त्वरण’ शब्दाला पूर्वार्थ नाही, म्हणून तो निदान फसवीत तरी नाही.

उपाय वाक्यरचनेत आणि उदाहरणांत शोधावा लागेल. ‘बल’ शब्द येईल तेथे ‘अमुकाने तमुकावर’ ही दोन्ही पदे आरंभीच्या इयत्तांत तरी अध्याहृत ठेवू नयेत. उदाहरणे परिसरातील असावीत. वैनगंगेच्या पाण्यावरील डोंगा उचलावा लागत नाही, तरी तो हलविण्यास आणि चालू लागल्यावर थांबविण्यास बल लावावेच लागते. वजन आणि जडत्व यांचा भेद याहून स्पष्ट कोठे दिसणार? वल्हे पाण्याला मागे ढकलते त्याच क्षणी पाणी वल्ह्याला पुढे ढकलते. येथे ‘मागाहून’ काहीच नाही. कमलापूरच्या हत्तींकडून पूर्वी लाकूड ओढण्याचे काम घेतले जाई. सपाट जमिनीवर सरळ रेषेत ओंडका एकसमान वेगाने सरकत असेल, तर हत्तीचे ओढणे आणि जमिनीचे घर्षण समसमान असते आणि निव्वळ बल शून्य असते. हे उदाहरण ‘गती आहे तेथे बल आहेच’ या समजुतीच्या मुळावरच घाव घालते.

याहून महत्त्वाचे असे, की गोंडी, माडिया व झाडीबोली बोलणारी मुले ढकलणे, ओढणे, घसरणे, थांबणे या क्रिया कोणत्या शब्दांनी सांगतात, हे त्यांच्याकडूनच ऐकून शिक्षकांसाठी नोंदविले पाहिजे. ते शब्द परिभाषेच्या जागी नव्हे, तर तिच्या शेजारी ठेवावेत आणि दोहोंतील अंतर वर्गात उघड बोलून दाखवावे. विद्यार्थ्याचा शब्द चूक ठरवून पुसून टाकला, तर त्यामागील कल्पना पुसली जात नाही. ती केवळ उत्तरपत्रिकेत दिसेनाशी होते. भौतिकीच्या अध्यापकाला येथे भाषाशास्त्राची गरज आहे, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा उपयुक्त क्षेत्रकार्य क्वचितच मिळेल.