भयाचा मेहनताना

आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) हा फ्रेंच चित्रपट थरारासाठी वाखाणला जातो. ती स्तुती अपुरी होय. लॅटिन अमेरिकेतील पेटलेली तेलविहीर विझविण्यासाठी दोन मालमोटारींतून नायट्रोग्लिसरीन न्यायचे असते. कंपनी त्यासाठी बेकार, परदेशी, निराधार माणसे निवडते. मेली तर जाब विचारणारे कोणी नाही! चित्रपटाचा खरा गाभा हाच.

एक उणीव मात्र जाणवते. येथे भय एकदाच, मोठ्या मोबदल्यात विकले जाते. आपल्या घाटांतून रात्रीमागून रात्री गाडी हाकणाऱ्याचे भय रोजचे. त्याचे नाव झोप. तरी शेवटी क्लूझो सत्याजवळ पोहोचतात : स्फोटकातून वाचलेला मारिओ परतताना रिकाम्या गाडीसह दरीत कोसळतो. घात करतो तो एक गाफील क्षण.

आपल्याकडे १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने लांब पल्ल्यालाही दिवसाकाठी १० तासांची कमाल मर्यादा घातली. परंतु ५ हून कमी कामगारांच्या धंद्यास तो आपोआप लागू नव्हता. एकदोन गाड्यांच्या मालकाचा चालक त्यामुळे सहज बाहेर राहिला. देवीपुढे नारळ फोडून निघालेल्या या माणसाचे रक्षण आपण देवीवरच सोपवून मोकळे झालो काय?