शेक्सपीअरची कॉन्स्टन्स व इतिहासांतील कॉन्स्टन्स

शेक्सपीअरच्या ‘किंग जॉन’ नाटकांतील कॉन्स्टन्स ही, पुत्र आर्थर शत्रूच्या हातीं सांपडल्यावर, शोकानें वेडी होते व त्यांतच मरण पावते. प्रसंग हृदयद्रावक खरा. परंतु कालगणनेच्या कसोटीस तो मुळींच टिकत नाहीं. मीरबो येथें आर्थर जॉनच्या हातीं लागला तो ता. १ ऑगस्ट १२०२ रोजीं. त्याची आई इ. स. १२०१ मध्येंच वारली होती. जो शोक तिच्या नांवें प्रसिद्ध आहे, तो करण्यास ती जिवंतच नव्हती.

नाटककारास काळाची उलटापालट करण्याची मुभा असते, हें मान्य. तथापि येथें त्या मुभेनें एका राज्यकर्तीचें चरित्रच झांकून टाकलें आहे. कॉन्स्टन्स ही ब्रिटनीचा ड्यूक चौथा कोनन याची कन्या व वारस. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीनें ११६६ त कोननास राज्य सोडावयास लाविलें व सुमारें पांच वर्षांच्या या मुलीचा वाङ्निश्चय आपला पुत्र जेफ्री याच्याशीं केला. विवाह ११८१ त झाला. ११८६ त जेफ्री वारला. आर्थर त्यानंतर, ता. २९ मार्च ११८७ रोजीं, जन्मला. म्हणजे इंग्लंडच्या गादीवरील आर्थरचा हक्क बापाकडून आलेला, पण ब्रिटनीवरील हक्क आईकडून. नाटकास पहिल्याशींच कर्तव्य असल्यानें आई केवळ निराधार विधवा उरते. पुढें तिचे चेस्टरचा अर्ल रॅनल्फ व गी द तुआर यांच्याशीं विवाह झाले, आणि ११९६ त रॅनल्फनेंच तिला कैद केलें, याचा तेथें मागमूसहि नाहीं.

तिच्या दानपत्रांचा संग्रह एव्हरार्ड व जोन्स यांनीं १९९९ त प्रसिद्ध केला. त्यांत ती स्वतःस कोननची कन्या, ब्रिटनीची डचेस व रिचमंडची काउंटेस म्हणविते. पतीच्या वा पुत्राच्या नांवाआड ती उभी नाहीं.

नाटकानें वगळलेल्या मुलींची कथाहि कमी करुण नाहीं. आर्थरची बहीण एलिनॉर १२४१ त मरेपर्यंत इंग्रजांच्या कैदेंत राहिली. गीपासून झालेली आलिक्स हिच्याकडे ब्रिटनी गेली, व १२१३ त फ्रेंच राजकुळांतील पिएर याच्याशीं तिचा विवाह झाला. मातृशोकाचें चित्र म्हणून नाटक अवश्य वाचावें. कॉन्स्टन्स जाणावयाची असेल तर तिचीं पत्रेंच पाहिलीं पाहिजेत.